आकाशगंगेचा वेग गच्चीवरून मोजता येतो, आकार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या आकाशगंगेवरच्या लेखासोबत अर्धे पान भरून एक सुंदर सर्पिल दीर्घिका छापली होती आणि खाली ओळ होती, 'आपली आकाशगंगा : अवकाशातून टिपलेले छायाचित्र'. असे छायाचित्र अस्तित्वात नाही. ते टिपायचे तर कॅमेरा आकाशगंगेच्या तबकडीच्या वर काही दहा हजार प्रकाशवर्षे न्यावा लागेल. माणसाने सोडलेले सर्वांत दूरचे यान व्हॉयजर-१ आहे. १९७७ पासून ते धावते आहे आणि अजून जेमतेम एका प्रकाश-दिवसाच्या आसपास पोहोचले आहे. छापलेले चित्र जगभर फिरते. स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीच्या चमूतले रॉबर्ट हर्ट यांनी ते २००८ साली मोजमापांच्या आधारे रेखाटले. रेखाटन उत्तम आहे, पण ते रेखाटन आहे.

एवढ्यापुरते असते तर पोस्टकार्ड पुरले असते. लिहायचे खरे कारण लेखातले दुसरे वाक्य आहे : 'शास्त्रज्ञांनी आकाशगंगेचा वेग आणि आकार मोजला आहे'. ही दोन कामे एका दमात सांगण्यासारखी नाहीत. वेग मोजणे इतके सोपे आहे, की कोणत्याही तालुक्याच्या कॉलेजला गच्चीवर करता येईल. आकारासाठी मात्र अंतर लागते आणि तिथे तज्ज्ञांचीही अनेक वर्षे फसगत झाली. दिंडीत चालणाऱ्या वारकऱ्याला आजूबाजूच्यांची चाल बरोबर कळते. दिंडी केवढी आहे आणि कशी वळली आहे हे सांगताना तो अंदाजाने बोलतो. आपली गत तीच आहे, त्यात मध्ये धूळही आहे.

धुळीमुळे साध्या प्रकाशात तबकडीच्या पातळीत काही हजार प्रकाशवर्षांपलीकडचे फारसे दिसत नाही. रेडिओलहरींना ती आडवी येत नाही. उदासीन हायड्रोजनचा अणू १४२०.४०६ मेगाहर्ट्झवर, म्हणजे २१.१ सेंटिमीटर लांबीच्या लहरीत, अगदी क्षीण संकेत देतो. हे भाकीत नेदरलँड्सच्या हेन्ड्रिक व्हान डे हुल्स्ट यांनी १९४४ साली केले. २५ मार्च १९५१ रोजी हार्वर्डमध्ये हॅरल्ड युएन आणि एडवर्ड पर्सेल यांनी तो पकडला. त्यांचा अँटेना म्हणजे प्लायवूडचा आणि आतून तांब्याचा पत्रा लावलेला कर्णा होता. तो प्रयोगशाळेच्या खिडकीतून बाहेर काढलेला होता. पाऊस आला की पाणी कर्ण्यातून थेट खोलीत येई, आणि हिवाळ्यात पोरे त्यात बर्फाचे गोळे टाकत. त्याच वर्षी नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलियातही तो संकेत मिळाला.

आज हा कर्णा घरी बनतो. पुढचे तोंड ७५ बाय ६० सेंटिमीटर, लांबी साधारण ७५ सेंटिमीटर. फॉइल चिकटवलेला फोमबोर्ड किंवा जाड पुठ्ठ्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चालते. जोडांवर अ‍ॅल्युमिनियमची टेप लावताना ती दोन्ही बाजूंवर तीन-चार सेंटिमीटर यायला हवी, कारण साध्या टेपचा गोंद वीज वाहून नेत नाही आणि रुंद पट्टीच धारितेने (कपॅसिटरसारखी) जोड साधते.

कर्ण्याच्या बुडाशी पत्र्याचा आयताकृती डबा लागतो, आणि बहुतेकांचे इथेच चुकते. हाताशी असतो तो तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी डबा. त्याची रुंदी २३-२४ सेंटिमीटर भरते. डब्याची रुंदी लहरीच्या निम्म्यापेक्षा, म्हणजे १०.६ सेंटिमीटरपेक्षा, जास्त हवी आणि २१.१ पेक्षा कमी हवी. त्याहून रुंद डब्यात लहर एकाऐवजी दोन-तीन रीतींनी शिरते आणि संकेताचा काही भाग आतल्या तांब्याच्या तारेपर्यंत पोहोचतच नाही. १६.५ सेंटिमीटर रुंद आणि त्याच्या निम्मा जाड डबा उत्तम. रंगाच्या दुकानात थिनरचे चपटे डबे मिळतात, ते जवळपास या मापाचे असतात. रुंद बाजूच्या मधोमध भोक पाडून कनेक्टर बसवायचा आणि त्याला आत सुमारे ५ सेंटिमीटर लांबीची तांब्याची तार सोल्डर करायची. ती अरुंद मापाच्या दिशेने उभी राहते. बंद तळापासून तारेचे अंतर डब्याच्या रुंदीवर ठरते : १५ सेंटिमीटर रुंदीला ७.४, साडेसोळाला ६.९ आणि १८ ला ६.५ सेंटिमीटर. उघड्या हवेतल्या लहरीचा पाव हिस्सा ५.३ येतो. तो आकडा इथे वापरू नये, कारण डब्याच्या आत लहर लांबते.

कनेक्टरला थेट, मध्ये केबल न घेता, १४२० मेगाहर्ट्झभोवतीचा फिल्टर असलेला कमी गोंगाटाचा अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा. आधी केबल आणि मग अ‍ॅम्प्लिफायर असे केले आणि केबलने एक डेसिबल जरी खाल्ला, तरी सुमारे ७५ केल्विनचा गोंगाट फुकटात वाढतो (रेडिओतला गोंगाट तापमानाच्या एककात मोजतात). हायड्रोजनचा संकेतच काही दहा केल्विनचा असतो. त्यानंतर केबल, यूएसबीला लागणारा एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) रिसीव्हर आणि लॅपटॉप. रिसीव्हरचा पट्टा २.४ मेगाहर्ट्झचा असेल, तर वर्णपटाचे ५१२ भाग करावेत. एक भाग ४.७ किलोहर्ट्झचा होतो आणि योगायोगाने तो जवळजवळ नेमका सेकंदाला एक किलोमीटर वेगाइतका भरतो. पाच मिनिटांची सरासरी घेतली, की यंत्रणेचा १५० केल्विनचा गोंगाट एका भागात ०.२ केल्विनच्याही खाली येतो.

जुळणी नीट झाली का, हे कळायला सोपी परीक्षा आहे. कर्णा आधी भिंतीकडे किंवा जमिनीकडे आणि मग डोक्यावरच्या मोकळ्या आकाशाकडे धरायचा. जमीन ३०० केल्विनची आणि आकाश थंड, त्यामुळे पातळीत ५ डेसिबलच्या आसपास फरक दिसायला हवा. फरक ३ च्या खाली असेल, तर आकाशाकडे बघण्याआधी कनेक्टर आणि सोल्डर बघावे.

मग येतात रोजच्या कटकटी. पट्ट्याच्या बरोबर मध्ये रिसीव्हरचा स्वतःचा एक काटा उभा असतो. नवखे लोक त्यालाच हायड्रोजन समजून आनंदतात. म्हणून मध्य १४२०.० वर ठेवावा, खरी रेषा बाजूला येते. रिसीव्हरचा पट्टा सपाट नसतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाला कर्ण्याऐवजी ५० ओहमचा टर्मिनेटर (टोकाला लावायचा रोध) लावून एक वर्णपट घ्यायचा आणि आकाशाच्या वर्णपटाला त्याने भागायचे. एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर आणि लॅपटॉपची यूएसबी-३ ही तिन्ही गोंगाट करतात. सर्वांत स्वस्त रिसीव्हरचा स्फटिक दशलक्षात ५० भागांनी चुकलेला असू शकतो, म्हणजे ७१ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १५ किलोमीटर! तापमानाचा परिणाम भरून काढणारा स्फटिक असलेला रिसीव्हर घेतला, तर ही चूक ०.३ किलोमीटरवर येते. तरी अर्धा तास तापू द्यावा. कर्ण्याऐवजी घरातली डीटीएचची छोटी छत्रीच जोडून बघावी असे कोणी सुचवतेच. ती साठ सेंटिमीटरची म्हणजे तीन लहरींचीच असते, कर्ण्यापेक्षा सरस नाही.

कर्णा कुठे धरायचा? आकाशगंगेच्या पट्ट्यावर केंद्रापासून, म्हणजे धनू राशीपासून, अंश मोजतात. ३० अंशांवर गरुडाच्या खालचा भाग येतो, ६० वर श्रवण आणि हंस यांच्या मधला, ९० च्या जवळ हंसाची शेपटी. ३० अंशांची जागा ऑगस्टच्या मध्यावर रात्री नऊ-साडेनऊला महाराष्ट्रातून दक्षिणेला सुमारे ७० अंश उंचीवर असते. ऐन पावसाळ्यात! आपल्याकडे दुर्बीणवाले जून ते सप्टेंबर पेटीला कुलूप लावतात, पण २१ सेंटिमीटरला ढगांचे काही वाटत नाही. कर्ण्याच्या तोंडावर पातळ प्लास्टिक ताणून बांधले की झाले. त्यावर पाणी साचू मात्र द्यायचे नाही.

पडद्यावर जी रेषा दिसते ती एकच शिखर नसते, पसरट डोंगररांग असते. कारण त्या दिशेला वेगवेगळ्या अंतरांवरचा वायू वेगवेगळ्या वेगाने आपल्यापासून दूर किंवा जवळ सरकतो. ४.७४ किलोहर्ट्झ खाली सरकली तर सेकंदाला एक किलोमीटर दूर. अक्ष उलटा काढणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. कमी वारंवारता म्हणजे दूर जाणे, म्हणजे अधिक चिन्हाचा (+) वेग.

हा वेग पृथ्वीवरून मोजलेला असतो आणि पृथ्वी स्वतः सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने धावते. मार्चच्या अखेरीस ती साधारण धनू राशीच्या दिशेने चाललेली असते, सप्टेंबरच्या अखेरीस उलट. त्यामुळे केंद्राजवळची तीच रेषा सहा महिन्यांत ६० किलोमीटर, म्हणजे सुमारे २८४ किलोहर्ट्झ, हलते. ही दुरुस्ती न करता मार्चचा आणि सप्टेंबरचा आलेख शेजारी ठेवले, तर वाटेल आकाशगंगाच बदलली. सूर्याच्या शेजारच्या ताऱ्यांच्या मानाने सूर्याची स्वतःची सुमारे २० किलोमीटरची चाल आहे, तीही वजा करावी लागते. दोन्ही दुरुस्त्या फुकट मिळणाऱ्या खगोल-सॉफ्टवेअरमध्ये तारीख, वेळ आणि दिशा दिली की होतात.

आता भ्रमणवेग, म्हणजे केंद्राभोवती फिरण्याचा वेग. शून्य ते ९० अंशांमध्ये आपली दृष्टिरेषा केंद्राच्या सर्वांत जवळ जिथे जाते, तिथला वायू नेमका आपल्या रेषेत पळतो, म्हणून डोंगररांगेचे अधिक चिन्हाच्या वेगाकडचे टोक त्याचेच. त्या जागेचे केंद्रापासूनचे अंतर म्हणजे सूर्याचे अंतर गुणिले अंशांची साइन. तिथला भ्रमणवेग म्हणजे टोकाचा वेग अधिक सूर्यकक्षेच्या वेगाला साइनने गुणून येणारा आकडा. ३० अंशांवर टोक साधारण सेकंदाला ११० किलोमीटरला मिळते. सूर्याचे अंतर ८.१५ किलोपार्सेक (सुमारे २६,६०० प्रकाशवर्षे) आणि कक्षेचा वेग २३६ धरला, तर ४.१ किलोपार्सेकवर ११० अधिक ११८, म्हणजे सेकंदाला २२८ किलोमीटर. केंद्रापासूनचे अंतर निम्मे होऊनही वेग जवळजवळ तोच. ग्रहांसारखे नियम असते तर तसे झाले नसते. सूर्याच्या कक्षेबाहेरही अंतर आणि वेग यांचा वक्र असाच आडवा जातो, आणि दिसणाऱ्या ताऱ्यांत आणि वायूत तो पेलण्याइतके वस्तुमान नाही. कृष्णद्रव्याचा, म्हणजे न दिसणाऱ्या द्रव्याचा, विषय इथून सुरू होतो. आडव्या वक्राचा दुसरा अर्थ असा, की आतला वायू सूर्याच्या निम्म्या वेळात फेरी पुरी करतो. विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलची आकाशगंगा मोटरवर अख्खी थाळीसारखी फिरताना दिसते, ती म्हणून चूक आहे.

पण विद्यार्थ्यांच्या अहवालात एक गोष्ट हटकून राहून जाते. २३६ हा आकडा गच्चीवर मोजलेला नसतो, तो आपण बाहेरून घातलेला असतो. पाठ्यपुस्तकातला २२० घातला तर उत्तर २२० च येते. (८.५ किलोपार्सेक आणि २२० ही जोडी आंतरराष्ट्रीय खगोल संघाने १९८५ मध्ये ठरवली होती, ती अजून पुस्तकांतून निघत नाही.) आधुनिक आकडा दुसऱ्या वाटेने येतो. केंद्रातल्या कृष्णविवराची रेडिओखूण, सॅजिटेरियस ए*, मागच्या आकाशावर वर्षाला ६.४ सहस्रांश विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकते. ती तिथेच आहे, सरकतो आपण. त्यावरून सूर्याची एक फेरी २१ कोटी वर्षांच्या आसपास येते.

दुसरी मेख कर्ण्याच्या दृष्टीची. त्याला १९-२० अंशांचा पट्टा एकदम दिसतो. ३० वर रोखलेला कर्णा २० अंशांवरचाही वायू ओढून घेतो, आणि तिथल्या टोकाचा वेग बराच जास्त असतो. सपाट वक्र धरला तर १० अंशांमागे ३५ किलोमीटरच्या वर फरक पडतो. त्यामुळे रेषेचे अगदी शेवटचे टोक पकडू नये, उतार निम्म्यावर येतो ती जागा धरावी. वायू स्वतःही सात-आठ किलोमीटरने इकडेतिकडे उसळत असतो. केबलवाल्यांच्या जुन्या आठ फुटी जाळीच्या छत्र्या भंगारात मिळतात. त्या २१ सेंटिमीटरला ६ अंशांपर्यंत बारीक बघतात. जाळीची भोके दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आहेत एवढे पाहावे.

खोडदला जीएमआरटीसारखी मोठी रेडिओदुर्बीण शेजारी असताना हे उद्योग कशाला, असे विचारले जाते. तिथल्या ४५ मीटरच्या तीस छत्र्या १४२० मेगाहर्ट्झ पकडतात, पण त्या एकमेकींत जुळवून बारीक तपशील बघण्यासाठी आहेत. सर्वांत जवळच्या दोन छत्र्याही सुमारे शंभर मीटरवर असल्याने, आकाशात सात कलांपेक्षा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) जास्त पसरलेला एकसारखा वायू त्या जुळणीत गळून जातो. (चंद्र तीस कलांचा दिसतो.) पसरट वायूला एकटी छत्रीच बरी.

इथवर वेग. आता आकाशगंगेच्या सर्पिल भुजा. डिसेंबरच्या सुरुवातीला संध्याकाळी कर्णा उत्तरेला शर्मिष्ठेवर धरा. रेषेत दोन-तीन वेगळी शिखरे दिसतील : एक शून्याजवळ, दुसरे उणे ४०-५० च्या सुमारास आणि जमले तर तिसरे, दुबळे, उणे ९० च्या पुढे. पहिले आपल्या परिसरातले, दुसरे ययाती भुजेतले, तिसरे बाह्य भुजेतले. गच्चीवरच्या उपकरणाने सर्पिल रचनेची खूण दिसावी हे खरोखर विलक्षण आहे. मोह असा होतो, की वेगावरून अंतर काढावे आणि कागदावर भुजा आखाव्यात. हाच मोह व्यावसायिकांनाही झाला. १९५८ मध्ये ऊर्ट, कर आणि वेस्टरहाउट या खगोलशास्त्रज्ञांनी नेदरलँड्स व ऑस्ट्रेलियाची निरीक्षणे जोडून वायूचा पहिला मोठा नकाशा काढला. त्यात केंद्राच्या आणि त्याच्या विरुद्ध दिशेला पाचरीसारख्या कोऱ्या जागा आहेत, कारण तिथे सगळी गती आडवी असते आणि वेग शून्य दिसतो. सूर्याच्या कक्षेच्या आत एकाच वेगाला एक जवळचे आणि एक दूरचे, अशी दोन अंतरे निघतात. कोणते खरे, ते वेगावरून ठरत नाही. मागे एखादा तेजस्वी रेडिओस्रोत असेल आणि वायूने त्याचा प्रकाश खाल्लेला दिसला, तर जवळचे की दूरचे हे सुटते. अशा कामाला मात्र जुळवलेल्या छत्र्या लागतात.

याहून मोठी अडचण अशी, की वायू शुद्ध वर्तुळात फिरतो हे गृहीतकच कच्चे आहे. ययाती भुजेतला डब्ल्यू-३ हा तारे जन्मण्याचा प्रदेश घ्या. वेगावरून त्याचे अंतर चार किलोपार्सेकच्या वर येत असे. ताऱ्यांच्या तेजावरून ते दोनच्या आसपास येई. अनेक वर्षे दोन्ही आकडे शेजारीशेजारी नांदले. २००६ साली तिथल्या मिथेनॉल मेसरचे, म्हणजे नैसर्गिक रेडिओ-लेसरचे, पराशय, म्हणजे आपली जागा बदलल्याने त्याचे दिसणारे सरकणे, अमेरिकेतल्या व्हीएलबीए या दहा छत्र्यांच्या जाळ्याने मोजले गेले. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तो ठिपका ०.५१ सहस्रांश विकलेने डुलतो. हा कोन म्हणजे पुण्यातून कोलकात्यातला ज्वारीचा दाणा जेवढा दिसेल तेवढा. अंतर निघाले १.९५ किलोपार्सेक. वेगाने काढलेले अंतर दुपटीहून जास्त चुकले होते, कारण तो वायू भुजेच्या ओढीने वर्तुळाला सोडून सेकंदाला वीसेक किलोमीटरने वेगळा वाहतो. जिथे भुजा आहेत तिथेच वायू नियम मोडतो, म्हणजे जिथे नकाशा हवा तिथेच पद्धत दगा देते.

म्हणून आजचा विश्वासार्ह नकाशा मेसरच्या पराशयांवर उभा आहे. व्हीएलबीए आणि जपानचे व्हेरा जाळे यांनी मिळून सुमारे दोनशे ठिकाणे मोजली. ८.१५ आणि २३६ ही जोडीही २०१९ साली त्यातूनच आली. २०१७ साली केंद्रापलीकडचा, आपल्यापासून २० किलोपार्सेकवरचा एक मेसर मोजला गेला. इतक्या दूरची मोजमापे फार थोडी आहेत. दुर्बिणी उत्तर गोलार्धात असल्याने दक्षिणेकडचा मोठा भाग विरळ आहे. २०२५ साली बंद झालेल्या युरोपच्या गाया यानाने कोट्यवधी ताऱ्यांचे पराशय दिले, पण तेही साध्या प्रकाशात बघत असल्याने धुळीपाशी अडले. मुख्य भुजा दोन की चार, यावरही एकवाक्यता नाही. तरुण तारे आणि वायू चार दाखवतात, जुन्या ताऱ्यांची अवरक्त गणती दोनच ठळक दाखवते.

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या वेळी हे चित्र छापाल तेव्हा खाली 'मोजमापांवर आधारित रेखाटन' असे लिहावे. सूर्याच्या जागी टिंब द्यावे आणि सूर्याकडून पाहता केंद्राच्या पलीकडे पडणारा पाचरीसारखा भाग फिक्या छटेत छापावा. छपाईच्या खर्चात फरक पडणार नाही, आणि वाचकाला कळेल की चित्रातला कुठला भाग मोजलेला आहे आणि कुठला चित्रकाराने भरला आहे.

आपला,
रेडिओ खगोलशास्त्राचा एक शिक्षक, पुणे